घाटाच्या पोटातलं देवगांडूळ

पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढला की खंडाळा लागतं. पर्यटकांना ते धबधब्यांमुळे ठाऊक असतं. प्राणिशास्त्रात मात्र त्याचं नाव एका देवगांडुळाशी जोडलेलं आहे. एडवर्ड टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ‘इंडोटिफ्लस बॅटर्स्बी’ ही जात नोंदवली, ती इथल्याच नमुन्यांवरून. तिची सख्खी बहीण म्हणावी अशी दुसरी जात कोयनेजवळच्या हुंबरळीतून नोंदवली जायला २००४ साल उजाडलं.

बिनपायांचे, मातीत राहणारे कृमी-सरडे आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत भरपूर; भारतात ते नाहीत. आपल्याकडे मातीत घुसून राहण्याचा तोच उद्योग देवगांडूळ करतं. दिसायला गांडूळ, लोकांच्या लेखी साप, आणि खरं नातं बेडकाशी! हा उभयचर आहे.

जवळून पाहिलं तर गांडुळाशी असलेलं साम्य वळ्या आणि ओल्या त्वचेपुरतंच उरतं. अंगावर वळ्या, त्वचा ओली नि चकचकीत, डोळे त्वचेखाली झाकलेले. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये मात्र एक बारीकशी स्पर्शिका बाहेर डोकावते. काळोखात वाट आणि भक्ष्य तिच्यावरून कळतं. जबड्यात दात असतात. कवटीची हाडं इतकी घट्ट जुळलेली की डोकंच पहारीसारखं मातीत घुसतं. त्वचा जागच्या जागी ठेवून आतला कणा पुढे सरकवायची त्याची रीत तर विलक्षणच.

संसाराच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. ‘इक्थिओफिस’ गटातली मादी ओल्या मातीत अंडी घालून त्यांना वेटोळं घालून बसते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावची ‘गेगेनिओफिस शेषाचारी’ मात्र थेट पिल्लांनाच जन्म देते. आशियातल्या उभयचरांत असं पहिल्यांदाच आढळलं, आणि ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढी मोठी गोष्ट कोकणातल्या एका खेड्यातून पुढे आली, तरी शाळेच्या पुस्तकांत देवगांडूळ जेमतेम एका ओळीत उरकलं जातं, हे मला खटकतं.

हा प्राणी एरवी दिसत नाही. पाऊस लागला की दगडाखाली, कुजलेल्या पाल्यात, शेणखताच्या ढिगात सापडतो आणि साप समजून ठेचला जातो. माणसाला त्याच्यापासून काहीही धोका नाही. त्याची त्वचा श्वासही घेते, त्यामुळे माती सुकली किंवा तिच्यात विषारी औषधं मुरली की त्याचे हाल होतात. परसात खणताना असा लांबट, निळसर-करडा, वरून खवले न दिसणारा जीव दिसला तर फावडं बाजूला ठेवा, फोटो काढा आणि त्याला ओल्या पाल्याखाली सोडून द्या.