नाकाचा वाकडा पडदा आणि छापील कृत्रिम कलम

नाकाचा पडदा थोडाफार वाकडा असणे ही सर्वत्र आढळणारी गोष्ट होय. श्वासास अडथळा नसेल तर तीस उपचारांची गरज नसते. मात्र बेडसे, कामशेत व एकंदर पवन मावळातील रुग्ण ‘नाक चोंदते’ अशी तक्रार घेऊन बहुधा जवळच्या वैद्याकडे वा औषधाच्या दुकानातच प्रथम येतो. म्हणून या शस्त्रकर्माची व त्यातील नव्या कृत्रिम कलमांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

नासासंधानाची परंपरा आपलीच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात पानाने नाकाचे माप घेणे, त्या मापाचा भाग गालावरून सोडवून जोडणे आणि श्वासासाठी नाकपुड्यांत दोन नाड्या ठेवणे असा विधी वर्णिलेला आहे. पुढे टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानावर पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने शस्त्रकर्म केले. त्याने मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन कपाळाची त्वचा नाकावर वळविली. हा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून प्रेरणा घेतलेल्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तसेच शस्त्रकर्म केले. अचूक माप आणि आतील आधार ही या विद्येची दोन सूत्रे आजही कायम आहेत.

पडदा सरळ करताना शल्यचिकित्सक श्लेष्मल आवरण उचलून कूर्चेचा वाकडा भाग सरळ करतो किंवा काढतो. वरच्या व पुढच्या कडेची सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी मात्र राखावी लागते. अन्यथा नाकाचा कणा खचतो. बहुसंख्य रुग्णांना कलमाची गरज पडत नाही. पुढची कडच मोडलेली असेल, कूर्चा दुर्बळ असेल किंवा पूर्वीच्या शस्त्रकर्मात ती निघून गेली असेल, तेव्हाच आधार द्यावा लागतो. त्यासाठी पहिली पसंती रुग्णाच्याच पडद्याच्या, कानाच्या वा बरगडीच्या कूर्चेला असते.

स्वतःची कूर्चा घेण्यासाठी कधी दुसरी जखम करावी लागते. पडद्याची कूर्चा अपुरीही असते. येथे छापील कलमाचा विचार येतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे शरीरात हळूहळू विरघळणारे बहुवारिक वितळवून यंत्राद्वारे थरावर थर देत पातळ, सच्छिद्र जाळी तयार करतात. छिद्रांतून ऊतींची वाढ होते आणि साधारणपणे दोन ते तीन वर्षांत द्रव्य विघटित होते. ते सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळत असल्याने वाफेच्या पात्रात निर्जंतुक करता येत नाही. दक्षिण कोरियात या जाळीचा वापर करून आशादायक अनुभव प्रसिद्ध झाले आहेत. पण रुग्णसंख्या अल्प आहे. जंतुसंसर्ग होणे अथवा कलम आवरण भेदून बाहेर येणे हे कोणत्याही कृत्रिम कलमाचे धोके येथेही संभवतात. म्हणून ‘नवीन’ म्हणजे ‘उत्तम’ असे रुग्णास सांगू नये.

आपले कर्तव्य याहून आधी सुरू होते. पडद्याच्या कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या आवरणातून होते. कुस्ती, कबड्डी वा वाहनाच्या अपघातात मार लागून आवरणाखाली रक्त साचले तर हे पोषण तुटते आणि काही दिवसांतच कूर्चा नष्ट होऊ शकते. पू झाल्यास हानी अधिक त्वरेने होते. मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या चोंदल्या आणि आत मऊ, लालसर फुगवटा दिसला, तर नस्य वा लेप देत न थांबता रुग्णास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. वेळीच रक्त काढल्यास पुढे कलमाची वेळच येत नाही.

नस्याने वा औषधाने प्रतिश्यायाची सूज उतरते, पण वाकडी कूर्चा सरळ होत नाही. हे रुग्णास स्पष्ट सांगावे. औषधविक्रेत्यांनी झायलोमेटाझोलिनसारखे नाकाचे थेंब आठवड्याहून अधिक काळ वापरू देऊ नयेत. त्यांनीच नाक अधिक चोंदते. शस्त्रकर्मापूर्वी चालू असलेली सर्व औषधे, आपली काष्ठौषधी धरून, शल्यचिकित्सकास कळवावीत आणि शस्त्रकर्मानंतरचे नस्य त्यांच्या अनुमतीनेच सुरू करावे. रुग्णाचे हित यातच आहे, असे आम्हांस वाटते.