दिल्ली ते दौलताबाद : चाळीस दिवस की दोन तास?

जॉबची ऑफर गुरुग्रामची असली, की घरातून पहिला प्रश्न पगाराचा येत नाही. ‘तिथून यायला किती वेळ लागतो?’ हा येतो. आपणही ऐटीत सांगून मोकळे होतो, ‘दोन तास फक्त!’ आमच्या दौलताबादला मात्र हा हिशेब नवा नाही. चांगला सातशे वर्षं जुना आहे!

१३२७च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली आणि गावाचं नाव ठेवलं दौलताबाद. आजच्या भाषेत ट्रान्सफर! फक्त ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. वाटेत कितीतरी माणसं दगावली, असं इतिहासकार बरनी सांगतो. पुढे आलेल्या इब्न बतूताने हे अंतर लिहून ठेवलं : चाळीस दिवस. सुलतान दौलताबादेत असला, की त्याच्या पिण्याचं गंगाजलही एवढाच प्रवास करून यायचं.

आता जरा आकडेमोड. दिल्ली आणि चिकलठाणा या दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे ९८० किलोमीटर. भागिले चाळीस, म्हणजे दिवसाला जेमतेम २५. रस्त्याच्या वळणांमुळे थोडे जास्त धरा. चिकलठाण्याला उतरून टॅक्सीने किल्ल्यापर्यंत जायला साधारण तेवढंच अंतर पडतं. आपला पाऊण-एक तास, त्यांचा अख्खा दिवस!

पण थांबा. जेट विमान ताशी ८०० किलोमीटरने उडतं, मग सव्वा तासात का नाही पोचत? कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं. शिवाय आकाशातले मार्ग ठरलेले असतात, पट्टीने मारलेल्या रेघेसारखे सरळ नसतात. म्हणून पावणेदोन-दोन तास.

आणि हाही झाला विमानतळ ते विमानतळ हिशेब. मी घर ते घर मांडून पाहिला. गुरुग्रामचा ट्रॅफिक एक तास, चेक-इन आणि सिक्युरिटीसाठी दीड-दोन तास आधी, विमान दोन तास, बॅग आणि टॅक्सी मिळून दीड तास. झाले की सहा-साडेसहा! त्यात थेट विमानं मोजकीच. ते हुकलं की मुंबईमार्गे जा, म्हणजे दिवस गेलाच.

तरी चाळीस दिवसांपुढे ही चैनच म्हणायची. पण आई-बाबांची साठी उलटलेली असेल, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी किलोमीटर विचारू नका, तिकिटावरचे तासही नकोत. स्वतःला एवढंच विचारा : रात्री अकराला घरून फोन आला, तर उद्या किती वाजता मी दारात असेन?