मुंबईचे ज्यू आणि साठ लाखांची आठवण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

27 जानेवारी जवळ आली की मुंबईतल्या ज्यू समाजाच्या स्मरणसभेची छोटीशी बातमी कुठेतरी येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी आणि त्यांच्या साथीदारांनी सुमारे साठ लाख ज्यूंना ठार केलं. त्यांत पंधरा लाखांच्या आसपास लहान मुलं होती. त्या होलोकॉस्टचा आणि भायखळा-मांडवीतल्या ज्यूंचा संबंध काय, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. त्याची जी उत्तरं आपल्याकडे फिरतात, त्यांतली काही अज्ञानातून येतात, तर काही फाजील अभिमानातून. दोन्ही तपासून घेतलेली बरी.

गैरसमज : मुंबईतल्या ज्यूंचे नातेवाईक हिटलरच्या छावण्यांत मारले गेले, म्हणून ते हा दिवस पाळतात.

वस्तुस्थिती : मुंबईतले बहुसंख्य ज्यू बेने इस्रायल आहेत. कित्येक शतकं कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावं. मांडवीत सॅम्युएल स्ट्रीटवरचं सिनेगॉग 1796 साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी बांधलं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू ही ससून घराण्याची देणगी. ते बगदादी ज्यू, इराकमधून आलेले. युरोपातला संहार या दोन्ही समाजांच्या घरांपर्यंत पोचला नाही.

तरीही ते स्मरण करतात, याचं कारण त्यांच्या धर्माच्या रीतीत आहे. मृतासाठी ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणायची ती मुलानं, नाहीतर जवळच्या आप्तानं. पण युरोपात कुटुंबंच्या कुटुंबं संपली. कद्दिश म्हणायला मागे कुणी उरलंच नाही. ती जबाबदारी मग साऱ्या समाजाची झाली. रूढ परंपरेनुसार कद्दिशसाठी किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. 1948 च्या सुमारास भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या घरात होते. बहुतेक इस्रायलला गेले, आता काही हजार उरलेत. मुंबईतल्या काही सिनेगॉगमध्ये तेवढी दहा माणसं जमवतानाही ओढाताण होते.

गैरसमज : स्मरणाचा दिवस एकच, 27 जानेवारी.

वस्तुस्थिती : 1945 साली या तारखेला सोव्हिएत सैन्यानं आउशवित्झची छावणी मुक्त केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 2005 मध्ये तो आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन ठरवला. ज्यू समाजाचा स्वतःचा दिवस ‘योम हाशोआ’. हिब्रू पंचांगातल्या निसान महिन्याच्या 27 तारखेला, म्हणजे वल्हांडणाचा सण संपल्यावर आठवडाभरात तो येतो. आपल्या कॅलेंडरात एप्रिल किंवा मे. एप्रिल 1943 मध्ये वॉर्सॉच्या घेट्टोतल्या ज्यूंनी नाझींविरुद्ध हत्यार उचललं, त्या उठावाची आठवण या दिवसाशी जोडलेली आहे. साठ लाखांसाठी सहा मेणबत्त्या लावायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. शिवाय ज्यांच्या मृत्यूची तिथीच ठाऊक नाही, त्यांच्या कद्दिशसाठी इस्रायलच्या धर्मपीठानं तेवेत महिन्याची 10 तारीख नेमून दिली आहे.

गैरसमज : भारतानं छळ झालेल्या ज्यूंसाठी दारं सताड उघडली.

वस्तुस्थिती : भारतात ज्यूद्वेष रुजला नाही, हे खरं. पण तेव्हा दाराची कडी ब्रिटिश सरकारच्या हातात होती. येणारा माणूस सरकारवर भार होणार नाही, अशी हमी कुणीतरी द्यावी लागे. मुंबईत 1934 साली स्थापन झालेल्या ज्युइश रिलीफ असोसिएशननं हे किचकट काम अंगावर घेतलं : हमी द्यायची, निवारा शोधायचा, नोकरीसाठी खटपट करायची. युरोपातल्या तज्ज्ञांना इथे घ्यावं असं नेहरूंचं मत होतं. त्यावर काँग्रेसमध्येच एकवाक्यता नव्हती. सगळं धरून भारतात पोचलेल्यांची संख्या काही हजारांच्या वर जात नाही.

पोचल्यावरही सुटका नव्हती. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटलं आणि जर्मन व ऑस्ट्रियन पासपोर्टवाले सगळेच ‘शत्रूचे नागरिक’ ठरले. हिटलरपासून पळालेले ज्यू आणि हिटलरचे समर्थक यांची रवानगी नगरच्या एकाच छावणीत झाली. पुढे चौकश्या होऊन बरेच ज्यू सुटले, पण त्यासाठी असोसिएशनला सरकारदरबारी खेटे घालावे लागले.

गैरसमज : युरोपातले ज्यू निर्वासित आले, चार दिवस राहिले आणि गेले. मुंबईत त्यांची खूण नाही.

वस्तुस्थिती : आकाशवाणीची सकाळची संकेतधून आठवा. तिचे कर्ते मानले जाणारे वॉल्टर कॉफमन प्रागहून 1934 मध्ये मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. त्यांनी इथे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी तिच्या मैफली होत. ऑस्ट्रियाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर 1938 मध्ये आले. ते स्वतः ज्यू नव्हते, त्यांची पत्नी ज्यू होती. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक म्हणून काम करताना त्यांनी घर तरुण चित्रकारांना मोकळं ठेवलं. व्हिएन्नाहून आलेले उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर त्याच तरुणांची चित्रं विकत घेत. आरा, रझा, हुसेन यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपला सुरुवातीच्या दिवसांत या मंडळींचा मोठा आधार होता.

गैरसमज : कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिलेले पोलिश लोक होलोकॉस्टमधून वाचलेले ज्यू होते.

वस्तुस्थिती : 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं होती, त्यांत बायका-मुलंच अधिक. पण ती बहुतांश कॅथलिक होती आणि त्यांना देशोधडीला लावलं ते स्टालिनच्या राजवटीनं. पूर्व पोलंडमधून सायबेरिया-कझाकस्तानात हाकललेली ही कुटुंबं इराणमार्गे इथवर आली. कोल्हापूरनं त्यांना सांभाळलं याचा अभिमान जरूर धरावा. मात्र एका संहाराचं दुःख दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नये.

गैरसमज : हिटलर कसाही असो, तो ब्रिटिशांचा शत्रू म्हणजे आपला मित्र.

वस्तुस्थिती : भारत दुसऱ्या कुणापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात असलेला बरा, असं त्यानं ‘माइन काम्फ’मध्ये लिहून ठेवलंय. सुभाषबाबू त्याला एकदाच, मे 1942 मध्ये भेटले. भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर हमी त्यानं दिली नाही. तरी त्या पुस्तकाचा मराठी अनुवाद फूटपाथवर खपतो आणि कडक शिस्तीच्या मास्तरांना कौतुकानं ‘हिटलर’ म्हणतात. 2006 मध्ये खारघरला एका नव्या हॉटेलानं पाटीवर त्याचंच नाव लावलं, तेव्हा मुंबईतल्या ज्यूंनी आक्षेप घेतला आणि काही दिवसांत पाटी बदलली. मालकाच्या मनात ज्यूंविषयी राग असेलच असं नाही. ते नाव गिऱ्हाईक खेचेल एवढाच हिशेब पुरला. इथल्या ज्यूंना स्मरणसभा भरवावी लागते ती या बेफिकिरीमुळेही.