सिसिलियन भाषा

भूमध्य समुद्रांत इटलीच्या दक्षिण टोकाशीं सिसिली नांवाचें त्रिकोणी बेट आहे. तेथील लोकांच्या भाषेला पुष्कळ जण इटालियनची अशुद्ध बोली समजतात. हा समज बरोबर नाहीं. इटालियन व सिसिलियन या दोघी लॅटिन मातेच्या मुली होत. एक दुसरीच्या पोटीं जन्मली नाहीं.

या बेटावर जे जे लोक आले, त्यांनीं आपली खूण तेथील भाषेंत ठेविली. इ. स. पूर्वीं आठव्या शतकांत ग्रीकांनीं तेथें वसाहती केल्या. पाळण्यास सिसिलियन भाषेंत 'नाका' म्हणतात, तो शब्द मूळचा ग्रीक. इ. स. पूर्वीं २४१ मध्यें रोमचा अंमल आला व हळूहळू लॅटिन रुजली. इ. स. ८२७ मध्यें अरब उतरले. त्यांनीं बागाइती वाढविली. म्हणूनच पाण्याच्या हौदास 'जेब्ब्या', तिळास 'जुज्जुलेना' व संत्र्याच्या फुलास 'झागरा' हे अरबी मुळाचे शब्द अद्याप रूढ आहेत. अकराव्या शतकांत नॉर्मन लोकांनीं बेट जिंकिलें. 'अक्कत्तारी', म्हणजे विकत घेणें, हा शब्द त्यांचा. १२८२ नंतर अरागॉनच्या राजांबरोबर कॅटलन शब्द आले.

या भाषेंतील एक ध्वनि आपल्या ओळखीचा आहे. इटालियन माणूस सुंदर या अर्थीं 'बेल्लो' म्हणतो, तेथें सिसिलियन माणूस 'बेड्डु' म्हणतो. जीभ टाळूकडे वळवून तो आपल्या 'ड'सारखाच उच्चार करितो. 'स्तेल्ला', म्हणजे तारा, तिचीही 'स्तिड्डा' होते.

सम्राट दुसरा फ्रेडरिक (११९४–१२५०) याच्या दरबारीं कवींनीं या भाषेंत काव्यें रचिलीं. केशवसुतांनीं मराठींत आणिलेलें सुनीत प्रथम याच मंडळींतील जाकोमो दा लेन्तीनी यानें रचिलें, असें मानितात. महाकवि दान्ते यानेंही या काव्याचा गौरव केला.

पुढें १८६१ सालीं इटली एक राष्ट्र झालें. शाळेंत इटालियन शिकवूं लागले व घरची भाषा गांवढळ ठरली. युनेस्कोनें आतां तिची गणना धोक्यांतील भाषांत केली आहे. २०११ सालीं मात्र सिसिलीच्या विधिमंडळानें शाळांत तेथील इतिहास, भाषा व वाङ्मय शिकविण्यास उत्तेजन देणारा कायदा केला.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेची भाषा अवश्य शिकावी. तिच्यावांचून जगाचा व्यवहार कळत नाहीं. परंतु ज्या मुलास आईनें 'नाका'मध्यें जोजविलें, त्यानें तो शब्द लाजून टाकिला, तर अडीच हजार वर्षांचा एक धागा त्याच्याच हातून तुटतो.