जीर्णोद्धारापूर्वी : काशीच्या घाटावरील जुने वाडे

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले, की शीतला घाटानंतर अहिल्याबाई घाट लागतो. पूर्वी हा केवलगिरी घाट म्हणून ओळखला जाई. अहिल्याबाई होळकरांनी (1725–1795) अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो दगडांनी बांधून काढला, आणि पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. काशीविश्वेश्वराच्या मंदिराची पुनर्रचनाही त्यांनीच 1780 च्या सुमारास केली. याच काळात आणि नंतरही भोसले, पेशवे, शिंदे अशा मराठी घराण्यांनी काशीच्या तीरावर घाट, वाडे आणि अन्नछत्रे उभारली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्यांची घरे आज जुनी झाली आहेत. त्यांची दुरुस्ती करावयाची की ती पाडून टाकावयाची, हा प्रश्न अनेक घरमालकांपुढे उभा आहे.

जुन्या घराची मोठी दुरुस्ती बिघडते ती बहुधा कामाच्या वेळी बिघडत नाही. काम सुरू होण्याआधीच तिचे बीज पेरलेले असते. भिंतीला ओल आली की गिलावा काढून सिमेंटचा लेप द्यावा, तुळई झुकली की लोखंडी गर्डर घालावा, असा सरधोपट मार्ग धरला जातो. ओल कोठून आली आणि तुळई का झुकली, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. म्हणून पूर्वतयारीतील पहिले काम हातोड्याचे नसून निरीक्षणाचे आहे.

या वाड्यांची घडण प्रथम समजून घेतली पाहिजे. घाटाच्या पायऱ्या आणि वाड्यांची जोती चुनारच्या वालुकाश्माची असतात. वरच्या भिंती पातळ लखौरी विटांच्या, आणि त्यांना सांधणारा मसाला चुना व सुरखीचा. छत लाकडी तुळया व कड्यांवर पेललेले. आज घरोघरी वापरले जाणारे पोर्टलंड सिमेंट 1824 साली इंग्लंडमध्ये शोधले गेले. यांतील जुने वाडे त्याहूनही आधीचे. त्यांच्या भिंती पाण्याला अडवून धरीत नाहीत. त्या पाणी शोषतात आणि कोरड्या ऋतूत ते बाहेर टाकतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ही देवाणघेवाण निर्वेध चालते. त्यावर सिमेंटचा कठीण थर चढविला, की जमिनीतून वर चढणारी ओल बाहेर पडण्यास वाट शोधीत आणखी वर जाते व शेवटी तुळयांच्या भिंतीत रुतलेल्या टोकांपर्यंत पोहोचते. तेथे लाकूड आतून कुजते. बाहेरून भिंत नवी दिसते आणि एके दिवशी छत खाली येते. ओलीबरोबर चढलेले क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिकरूपाने साचतात. त्यांच्या दाबाने विटा व दगड भुगा होऊन गळू लागतात. भिंतीवरील पांढरा खार हे या आजाराचे लक्षण आहे.

गंगेकाठच्या घरांत या प्रश्नाला पुराची जोड मिळते. वाराणसी येथे नदीची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून 71.262 मीटर मानली जाते. 1978 च्या सप्टेंबरमध्ये पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. अशा पुरात खालच्या घाटांवरील वाड्यांच्या तळघरांत व खालच्या मजल्यांवर पाणी शिरते आणि ओसरताना गाळाचा जाड थर मागे ठेवते. पाणी ओसरल्यावर भिंत कोरडी दिसली तरी तिचा गाभा कित्येक महिने ओला राहतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी एक संपूर्ण वर्ष घराचे निरीक्षण करणे श्रेयस्कर ठरते. पावसाळ्यात छत कोठे गळते, पन्हळी कोठे तुंबतात, चौकातील मोरीचे पाणी कोठे मुरते, हे त्याच वेळी दिसते. हिवाळ्यात भिंती किती वाळतात, हे पाहावे. चुन्याचे काम ज्येष्ठाच्या कडक उन्हात करू नये. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो व त्यासाठी तो काही दिवस ओलसर राहणे अवश्य असते. पूर ओसरून गाळ निघाल्यानंतरचे थंडीचे महिने अशा कामाला सर्वांत सोयीचे.

निरीक्षणाचे साधन नकाशा हेच होय. काशीला याचे मोठे उदाहरण लाभले आहे. टांकसाळीचा अधिकारी म्हणून येथे आलेल्या जेम्स प्रिन्सेपने 1822 साली शहराचा तपशीलवार नकाशा तयार केला. शहराचे सांडपाणी वाहून नेणारा भूमिगत नाला बांधण्याचे आणि औरंगजेबकालीन मशिदीच्या डळमळीत मिनारांची मजबुती करण्याचे कामही त्याच्या नावावर आहे. एका घरासाठीही हीच पद्धत लागू पडते. प्रत्येक मजल्याचा आराखडा काढावा, भिंतींची जाडी मोजावी, ओळंबा लावून भिंतींचा कल पाहावा. प्रत्येक तडा नकाशावर नोंदवून त्यावर काचेची अरुंद पट्टी चुन्याने आडवी चिकटवावी. काही महिन्यांनी पट्टी फुटली, तर तडा जिवंत आहे, म्हणजे पाया अजून हलत आहे, असे समजावे. ती अखंड राहिली तर तडा जुना आहे. तो बुजविणे पुरे. पाया हलत असताना वर मजला चढविणे किती घातक ठरते, याचा धडा जवळच्या शिंदे घाटावर मिळतो. 1830 च्या सुमारास बांधलेला तेथील घाट आपल्याच भाराने खचला, आणि त्या घाटालगतचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेले दिसते.

लाकडाची तपासणी तितकीच महत्त्वाची आहे. तुळईवर ठोकल्यास घट्ट लाकडाचा आवाज भरीव येतो, वाळवीने पोखरलेल्याचा पोकळ. विशेषतः भिंतीत घुसलेली टोके उघडी करून पाहावी लागतात. त्यापूर्वी छताला धिरे देणे अनिवार्य आहे. धिरे खालच्या मजल्याच्या भक्कम जमिनीपर्यंत एकावर एक उतरले पाहिजेत. नुसत्या वरच्या मजल्याच्या फरशीवर त्यांचा भार टेकविणे म्हणजे संकट एका मजल्यावरून दुसऱ्यावर ढकलणे होय. शेजारच्या घराशी भिंत सामाईक असेल, तर शेजाऱ्याच्या खोल्यांतील तडेही त्याच्या संमतीने आधीच नोंदवून ठेवावेत. पुढील तंट्याचे मूळ त्याने नाहीसे होते.

घाटावरच्या अरुंद गल्ल्यांत गाडी जात नाही. वाळू, विटा, चुना हे सारे डोक्यावरून वा नावेतून आणावे लागते, आणि निघालेला राबिटही तसाच न्यावा लागतो. या खर्चाचा अंदाज आधी न केल्यास काम अर्धवट राहते. उघड्या छताखाली अर्धवट राहिलेले घर एका पावसाळ्यात जितके खराब होते, तितके ते पूर्वीच्या पन्नास वर्षांत झालेले नसते. म्हणूनच क्रम असा ठरवावा : प्रथम छत व पन्हळी, मग मोऱ्या, मग पाया व भिंती, आणि सर्वांत शेवटी गिलावा व रंग.

परवानग्यांची बाजूही आधीच उरकावी लागते. येथे बांधकामासाठी वाराणसी विकास प्राधिकरणाची अनुमती हवी, आणि नदीकाठच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. जवळच्या मानमंदिरासारख्या संरक्षित स्मारकाच्या भोवती 2010 च्या कायदा-दुरुस्तीनुसार 100 मीटरपर्यंतचा भाग निषिद्ध व त्यापुढील 200 मीटरचा नियंत्रित असतो. तेथील दुरुस्तीसही संमती लागते. वारसांतील वाटण्या आणि जुन्या भाडेकरूंचे हक्क हे प्रश्न धिरे लावण्यापूर्वीच मिटविलेले बरे. एका भावाने छत दुरुस्त करावे व दुसऱ्याने आपल्या वाट्याची पन्हळ तशीच ठेवावी, यात दोघांचेही घर बुडते.

आणखी एक तयारी सहसा विसरली जाते. काशीविश्वनाथ धामाच्या प्रकल्पासाठी (2019–2021) सुमारे 300 मालमत्ता घेऊन त्या हटविण्यात आल्या, तेव्हा घरांच्या भिंतींआड दडलेली 40 हून अधिक मंदिरे उजेडात आली. पिढ्यांच्या वास्तव्याने जुने घर स्वतःच एक दप्तरखाना बनलेले असते. कोनाड्यांत, माळ्यावर, देवघराच्या मागे मोडी लिपीतील कागद, यजमानांच्या नोंदवह्या, शिलालेख सापडण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत, कागद कोरड्या जागी हलवावेत, देव सुस्थळी बसवावेत, आणि घरातील वृद्धांकडून प्रत्येक खोलीचा पूर्वीचा वापर विचारून लिहून ठेवावा. कोणती मोरी कधी बुजविली, विहीर कोठे होती, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते; आणि अनेकदा ओलीचे कारण तेथेच सापडते.

अशा तयारीला एक वर्ष लागले, तरी दोन शतके उभ्या राहिलेल्या वास्तूच्या आयुष्यात ते फार नाही. त्या वर्षाच्या अखेरीस घरमालकाच्या हाती एक नकाशा, तड्यांची एक वही आणि कामांचा एक क्रम असतो. काय पाडावे, याबरोबरच कशाला हात लावू नये, हेही तेव्हा त्याला कळलेले असते.