मिसिसिपी राज्य
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील एक घटक राज्य. लोकसंख्या २९,६१,२७९ (२०२०). याच्या उत्तरेस टेनेसी, पूर्वेस अ‍ॅलाबॅमा, दक्षिणेस लुइझिअ‍ॅना व मेक्सिकोचे आखात आणि पश्चिमेस लुइझिअ‍ॅना व आर्‌कॅन्सॉ ही राज्ये आहेत. जॅक्सन ही राजधानी. पश्चिम सीमेवरील मिसिसिपी नदीवरून राज्यास हे नाव मिळाले.

इतिहास : या प्रदेशात चॉक्टॉ, चिकसॉ, नॅचेझ इ. इंडियन जमाती राहत. फ्रेंचांनी १६९९ मध्ये बिलक्सीच्या उपसागरावर पहिली वसाहत केली. १७९८ मध्ये मिसिसिपी हा अमेरिकेचा प्रांत झाला व १० डिसेंबर १८१७ रोजी त्यास विसावे राज्य म्हणून संघराज्यात प्रवेश मिळाला. १८३० च्या तहान्वये चॉक्टॉंना आपली भूमी सोडावी लागली. तेथे कापसाचे मळे पसरले. हे मळे गुलामांच्या श्रमांवर चालत. १८६० मध्ये राज्यातील निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. जानेवारी १८६१ मध्ये राज्य संघातून फुटले. यादवी युद्धातील पराभवानंतर १८७० मध्ये त्यास पुनःप्रवेश मिळाला. त्याच वर्षी येथील हायरम रेव्हल्झ हे सीनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. तथापि १८९० च्या संविधानाने मतदानकर व साक्षरतेची अट घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारतः हिरावून घेतला. नागरी हक्कांच्या चळवळीतील नेते मेडगर एव्हर्झ यांची जॅक्सन येथे १९६३ मध्ये हत्या झाली.

राज्यचिन्हे : मॅग्नोलिया हा राज्यवृक्ष (१९३८) असून त्याचेच फूल राज्यपुष्प (१९५२) आहे. भारतातील बागांत हा वृक्ष हिमचंपा या नावाने परिचित आहे. मॉकिंगबर्ड हा राज्यपक्षी (१९४४) होय.

ध्वजाचा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त ठरला. १८९४ च्या ध्वजाच्या कोपऱ्यात फुटीर दक्षिणी राज्यांचे युद्धचिन्ह होते. १९०६ च्या विधिसंहितेत त्याची तरतूद गळल्याने त्यास कायद्याचा आधार उरला नव्हता, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले. २००१ च्या सार्वमतात मतदारांनी तोच ध्वज पसंत केला. २०२० मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला व त्याच वर्षीच्या सार्वमतात मॅग्नोलियाचे फूल असलेला नवा ध्वज मोठ्या बहुमताने मान्य झाला. फुलाभोवतीचे वीस पांढरे तारे राज्याचा क्रम दर्शवितात, तर वरचा सोनेरी तारा मूळच्या इंडियन जमातींचे स्मरण देतो.