डायनोसॉर पडद्यावरचे आणि पिसदुऱ्याचे

'ज्युरासिक पार्क' पाहिलेल्या पुष्कळांना डायनोसॉर म्हणजे परदेशातली गोष्ट वाटते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने तरी असं म्हणू नये. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, ज्युरासिक काळाच्या थरांत सापडलेल्या एका अजस्र शाकाहारी डायनोसॉरचं 1975 मध्ये 'बारापासॉरस टागोराय' असं नामकरण झालं. मोठ्या पायांचा म्हणून 'बारापा' आणि रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ 'टागोराय'. उलट सिनेमा गाजवणारा टी. रेक्स ज्युरासिक काळातला नव्हताच. तो कितीतरी कोटी वर्षांनंतरचा, क्रिटेशस काळाच्या शेवटचा.

इथेच दुसरा गैरसमज डोकं वर काढतो: विज्ञान चुकलं की कथा विज्ञानकथा उरत नाही. 'ज्युरासिक पार्क'चा पायाच चुकीचा आहे. राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनोसॉरचा डीएनए मिळणार नाही. 2012 च्या एका अभ्यासानुसार गोठलेल्या हाडातसुद्धा डीएनएचे सगळे बंध 68 लाख वर्षांत तुटून जातील, आणि टी. रेक्स संपून साडेसहा कोटी वर्षं झाली. तरीही हा अस्सल विज्ञानपट आहे. तो एकच अशक्य गोष्ट मान्य करायला सांगतो आणि मग तिचे परिणाम इमानाने भोगतो. सिनेमात तुटका डीएनए बेडकाच्या डीएनएने जोडला. काही बेडूक लिंग बदलू शकतात. म्हणून सगळ्या माद्याच जन्माला घातल्या तरी रानात अंडी सापडतात. संकट आभाळातून पडत नाही, माणसाच्या हिशेबातूनच उगवतं. मला विज्ञानकथेचा खरा आनंद इथे सापडतो.

यान, रोबो, परग्रहवासी असले की झाली विज्ञानकथा, हाही समज खरा नाही. कथेतून विज्ञान काढून बघा. गोष्ट तशीच उभी राहिली तर ती साहसकथा. कोसळली तर विज्ञानकथा. मंत्राने उडणारं विमान अद्भुतकथेचं, आणि तीही तोलामोलाची, पण वेगळी. मराठीत हा फरक जाणणारे लेखक होते. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली, आणि बक्षीस मिळवलं.

सिनेमा रंगतो तो संगणकी करामतींमुळे, असंही म्हणतात. दोन तासांहून मोठ्या 'ज्युरासिक पार्क'मध्ये डायनोसॉर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो पेल्यातलं पाणी थरथरतं तेव्हा, प्राणी दिसण्याआधी. रात्रभर झाडीपट्टीचं नाटक बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि विज्ञान तरी कुठे थांबून राहतं? डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतं, असं मानलं जाई. गवत चरणारा डायनोसॉर पडद्यावर दिसला असता तर जाणकारांनी ती ढोबळ चूक ठरवली असती. पण 2005 मध्ये डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले. ती विष्ठा मिळाली होती चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला.